टायलर की टाबा: अभ्यासक्रमाची सुरुवात कुठून?

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी १९४९ मध्ये अभ्यासक्रम आखण्यासाठी चार प्रश्न मांडले: उद्दिष्टं कोणती, त्यासाठी शिकण्याचे अनुभव कोणते, त्यांची मांडणी कशी आणि मूल्यमापन कसं? पदवीचा अभ्यासक्रम आखणाऱ्या मंडळाला हा क्रम सोयीचा, कारण सगळ्यांना एकच चौकट मिळते.

शिक्षणतज्ज्ञ हिल्डा टाबा यांनी १९६२ मध्ये दिशाच उलटवली. आधी शिक्षकांनी मुलांच्या गरजा तपासायच्या, एखादा घटक तयार करून वर्गात शिकवून बघायचा, दुरुस्त करायचा आणि असे घटक जमले की मग आराखडा. याला वेळ लागतो, शिक्षकांना मोकळीकही द्यावी लागते. तरी शाळेसाठी मी टाबांचीच वाट धरेन. मूल कुठे अडतं, हे वर्गातल्या बाईंना आधी कळतं. मूल्यमापनाला मात्र टायलरांचे प्रश्न हवेतच.