10 दिवसांचं विपश्यना शिबिर केलं, रोज वंदना होणाऱ्या घरातून गेलेल्या बाईचा अनुभव

सेंटरचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण खाली दोन तक्रारी पण आहेत. ध्यानाची पद्धत सत्यनारायण गोयंका गुरुजींचीच, म्हणजे इगतपुरीच्या धम्मगिरी या त्यांच्या मुख्य केंद्रात जे टाइमटेबल तेच सगळीकडे.

आमच्या घरी रोज संध्याकाळी बुद्ध वंदना होते. मेणबत्ती, उदबत्ती, अंगणातली झेंडूची नाहीतर जास्वंदाची फुलं, पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात. सगळ्या गाथा मला पहिलीत असल्यापासून पाठ आहेत, पण अर्थ विचारला असता तर त्रिशरण-पंचशीलाच्या पुढे अडकले असते हे खरं सांगते. म्हणूनच गेले.

पहिल्या दिवशी फोन, पुस्तक, वही, पेन सगळं जमा करून घेतात, त्याची मनाची तयारी होती, पण ऑफिसमधल्या ताईंनी सांगितलं की दहा दिवस वंदना, माळ, जप, उदबत्ती काहीच करायचं नाही, तेव्हा खरंच वाईट वाटलं. हॉलमध्ये मूर्ती पण नाही. बुद्धाची शिकवण शिकायला आले आणि बुद्धालाच नमस्कार करायचा नाही, हे पहिले दोन दिवस डोक्यातून जाईना.

पहाटे 4 ला घंटा, 11 ला जेवण, संध्याकाळी 5 ला चहा, मुरमुरे, फळ, की मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काही नाही. बोलायचं नाही, खाणाखुणा पण नाहीत. सुरुवातीला फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास, त्याला आनापान म्हणतात, आणि चौथ्या दिवशी विपश्यना देतात, म्हणजे अंगभर लक्ष फिरवत जे जाणवेल ते नुसतं बघायचं. त्यानंतर दिवसातून तीनदा एक-एक तासाची अधिष्ठान बैठक, शक्यतो हात, पाय, डोळे उघडायचे नाहीत.

पाचव्या दिवशी दुपारी अडीचच्या बैठकीत माझा उजवा गुडघा असा पेटला की आता उठतेच असं वाटलं. पण गुरुजी टेपवर सांगत असतात तसं नुसतं बघत राहिले, आणि ते दुखणं एकसारखं नव्हतंच हो, आधी ठणका, मग गरम वाफ आल्यासारखं, मग मुंग्या, मधेच दोन क्षण काहीच नाही, परत ठणका. आणि एकदम आपोआप मनात आलं, पुप्फं मिलायति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं. हे फूल जसं सुकतं तसंच हे शरीर पण नाशाकडे जातं. ही ओळ मी फूल वाहताना हजारो वेळा म्हटलीय! घरी तबकात कालचा झेंडू कडेनी तपकिरी होत आत वळलेला असतो, तो उचलून नवीन ठेवायचा आणि तीच ओळ म्हणायची, एवढंच करत आले. रडू आलं, पण हलले नाही.

त्यामुळे पूजा खोटी आणि साधना खरी असं मी अजिबात म्हणणार नाही. पालीत दोन शब्द आहेत, आमिसपूजा म्हणजे वस्तू वाहून केलेली आणि पटिपत्तिपूजा म्हणजे वागण्यातून केलेली. कुसिनाऱ्याला बुद्धांच्या शेवटच्या वेळी सालवृक्षांना अवेळी बहर आला, फुलं तथागतांच्या अंगावर पडत होती, तेव्हा ते त्यांचा शिष्य आनंद याला म्हणाले की खरा सन्मान याने होत नाही, जो धम्माप्रमाणे जगतो तोच करतो. फुलं आणू नका असं नाही म्हणाले. बाबासाहेबांनी 1956 ला नागपुरात दिलेल्या 22 प्रतिज्ञांत पण अष्टांग मार्ग, दहा पारमिता (दान, शील असे गुण), चोरी नाही, खोटं नाही, दारू नाही, ही सगळी करायचीच कामं आहेत. आमच्या वस्तीत काहीजण म्हणतात डोळे मिटून बसल्याने समाज बदलत नाही, त्यांचं म्हणणं मला पटतं, पण दहा दिवस बसून आले म्हणून संघटनेचं काम कोणी सोडायला सांगत नाही.

तक्रारी. हॉलमध्ये मागे बसलं की संध्याकाळच्या प्रवचनाचा आवाज फाटका येतो, आणि प्रवचन हाच तर दिवसाचा आधार असतो. गरम पाणी सकाळी 7 नंतर संपायचं, वयस्कर बायकांचे हाल झाले. याचाच एक स्टार कापतेय, 5 पैकी 4.

फी नाही, राहणं-जेवण सगळं आधीच्या साधकांच्या दानातून. तुम्हाला द्यायचं असेल तर कोर्स पूर्ण झाल्यावरच, आधी पैसे घेतच नाहीत. मनाच्या आजाराची औषधं चालू असतील तर फॉर्ममध्ये नक्की लिहा आणि डॉक्टरांना विचारूनच जा, लपवू नका.

आल्यावर वंदना सुरूच आहे, फक्त आता जुनं फूल उचलायच्या आधी दोन मिनिटं बघत बसते. आई म्हणाली, काय बघतेस गं एवढं? तिचाही फॉर्म भरलाय, गुडघे दुखतात म्हणून खुर्ची मिळेल का ते विचारलं, मिळते म्हणाले.