सात महिने, पाच ट्यूबा: गरोदरपणातली खाज आणि क्लोट्रिमॅझोलचं साधं मलम

पहिल्या आठवड्यात कोणी विचारलं असतं तर या मलमाला मी पाचातले दोनच गुण दिले असते. आता साडेचार देते. अर्धा कापलाय तो त्याच्या संथपणासाठी. रात्री दोन वाजता जांघ खाजवत बसलेल्या बाईला "धीर धरा" हा सल्ला ऐकवत नाही.

मलम म्हणजे क्लोट्रिमॅझोल, बुरशीवरचं औषध, एक टक्का. बाकी औषध त्यात काही नाही. कंपनी कोणतीही घ्या. मी दोन कंपन्यांचं वापरलं, एकदा जनऔषधी केंद्रातलंही आणलं. फरक जाणवला तो झाकणात.

सुरुवात जूनमध्ये झाली, चौथा महिना चालू होता. आम्ही कासारवडवलीला राहतो आणि माझं ऑफिस ऐरोलीला. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये बसमध्ये तास-दीड तास, मग ठाण्याहून लोकल. पावसात भिजलेली लेगिंग दिवसभर अंगावरच वाळायची. आधी उजव्या जांघेत रुपयाएवढा लाल चट्टा आला. आई (सासूबाई) म्हणाल्या, "नायटा आहे गं, कडुलिंबाच्या पाण्याने धू." धुतलं. थंड वाटलं, चट्टा जागचा हलला नाही.

मग मी ती चूक केली, जिच्यासाठी खरं तर हे लिहायला बसले आहे. घराजवळच्या केमिस्टकडे गेले आणि चारचौघांत हळूच म्हटलं, "खाजेवर काहीतरी द्या." त्याने न विचारता एक ट्यूब पुढे केली. "ताई, दोन दिवसांत गायब." आणि खरोखर दोन दिवसांत खाज गेली! मी खूश. आठव्या दिवशी लावणं थांबवलं आणि त्यानंतर चौथ्या दिवशी चट्टा दुपटीने परतला, वलयात वलय, कडा पसरून मांडीपर्यंत. तेव्हा कुठे ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचलं: क्लोबेटासॉल, ऑफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफिन. चार औषधं एकात.

नौपाड्यातल्या त्वचेच्या डॉक्टर मॅडमनी ट्यूब बघून नुसता सुस्कारा सोडला. क्लोबेटासॉल म्हणजे जबर ताकदीचं स्टेरॉइड. ते त्वचेची सूज आणि खाज दाबतं, पण त्याचबरोबर तिथली प्रतिकारशक्तीही झोपवतं, म्हणून बुरशीला रान मोकळं. जांघेतली कातडी मुळात पातळ, तिथे हे जास्त मुरतं आणि कायमचे वळ उठू शकतात. 2018 मध्ये केंद्र सरकारने 14 स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येऊ नयेत असा बदल केला, हेही त्यांच्याकडूनच कळलं. काउंटरवर मात्र मला कोणी चिठ्ठी मागितली नव्हती.

त्यांनी ब्लेडच्या बोथट कडेने चट्ट्याच्या काठावरचा कोंडा काचपट्टीवर खरवडून घेतला, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. त्या थेंबात कातडीच्या पेशी विरघळतात आणि बुरशीचे धागे तेवढे उरतात. मलाही दाखवले. शाळेनंतर पहिल्यांदाच सूक्ष्मदर्शकात डोकावले, तेही स्वतःच्याच मांडीची बुरशी बघायला.

पोटातून घ्यायच्या गोळ्या नाहीत, हे त्यांनी आणि माझ्या बाळंतपणाच्या डॉक्टरांनी दोघींनीही बजावलं. इट्राकोनाझोल, फ्लुकोनाझोल, ग्रिसिओफुल्विन ही नावं गरोदरपणात टाळायची. वरून लावायचं क्लोट्रिमॅझोल रक्तात फारसं उतरत नाही, म्हणून ते चालतं. टर्बिनाफिनच्या गोळ्या बाळंतपणानंतर, आणि दूध पाजत असताना पुन्हा विचारूनच.

लावण्याची पद्धत मी आधी चुकवत होते. अंघोळीनंतर जागा पूर्ण कोरडी करायची, टॉवेलने रगडून नाही, टिपून. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत जेवढं मलम बसतं, तेवढं दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. चट्ट्यावरच नाही, कडेच्या बाहेर दोन सेंटीमीटर चांगल्या कातडीवरही लावायचं, कारण बुरशी कडेनेच पुढे सरकते. दिवसातून दोनदा. आणि सगळ्यात कंटाळवाणी अट म्हणजे कातडी साफ दिसायला लागल्यावर आणखी दोन आठवडे.

पहिले चार दिवस काही नाही. सहाव्या दिवशी रात्री एकदाच जाग आली. तिसऱ्या आठवड्यात लाल कड मावळून तपकिरी डाग उरला आणि मी स्वतःला बरी समजून थांबले. ऑगस्टमध्ये सगळं पहिल्यापासून. ते दोन आठवडे चुकवल्याचं ते फळ. दुसऱ्या वेळी भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज दोन फुल्या मारत साडेपाच आठवडे पूर्ण केले, त्यानंतर जांघेत परत आलं नाही.

पुन्हा येण्यात दुसरा वाटा आमच्याच घरातला होता. नवऱ्याला कमरेला, पट्ट्याखाली, असाच चट्टा होता आणि तो मला सांगायला लाजत होता. आमचा पंचा एकच! त्याला डॉक्टरांनी इट्राकोनाझोल दिलं (हेवा वाटला, खरं सांगते) आणि दोघांवर उपचार एकाच वेळी झाले. टॉवेल वेगळे, आतले कपडे गरम पाण्यात. पावसाळ्यात इमारतीत कपडे वाळत नाहीत हे ठाणेकरांना सांगायला नको, म्हणून पंख्याखाली दोरी बांधली आणि आतले कपडे, विशेषतः शिवणी आणि इलॅस्टिक, उलटे करून इस्त्री केले. लेगिंगला रजा दिली. जांभळी नाक्यावरून सुती परकर आणि सैल पायजमे आणले आणि ऑफिसच्या बॅगेत एक कोरडा जोड कायम ठेवला.

बाकी वस्तूंचं थोडक्यात. क्लोट्रिमॅझोलची पावडर घामात गोळे धरते, ती चपलांत आणि बुटांत टाकायला बरी. केटोकोनाझोलचा साबण कातडी कोरडी करून उलट खाज वाढवत होता, पंधरा दिवसांत बंद केला. आईंनी सुचवलेला लसूण मी लावला नाही, आणि तुम्हीही लावू नका, भाजतं.

सातव्या महिन्यात दह्यासारखा पांढरा स्राव आणि आग सुरू झाली. हे जांघेतल्या नायट्याचं पसरणं नव्हतं, ही कॅन्डिडा नावाची वेगळीच बुरशी. गरोदरपणात इस्ट्रोजेनमुळे योनीमार्गातल्या पेशींत साखरेचा साठा वाढतो, त्यावर ती पोसते. म्हणून डॉक्टरांनी आधी साखर तपासली: 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त, आणि आकडा 140 च्या खाली हवा. माझा 118 आला. मग क्लोट्रिमॅझोलच्या 100 मिलिग्रॅमच्या योनीमार्गात ठेवायच्या गोळ्या, सहा रात्री, नळी न वापरता बोटाने. दुसऱ्या रात्रीपासून उतार. सकाळी पांढरा चुरा येतो, सुती पॅड ठेवायचं, एवढाच त्रास.

आता ऑक्टोबरची गोष्ट. 35 वा आठवडा, पोटावर ताणाच्या रेघांत लाल गांधी आणि बारीक पुरळ, पेटल्यासारखी खाज. मी क्लोट्रिमॅझोलची चौथी ट्यूब उघडलीसुद्धा होती. फोनवर डॉक्टरांनी पुरळाबद्दल विचारायच्या आधी विचारलं, "तळहात-तळपाय खाजतात का? रात्री जास्त?" थोडे खाजत होते. त्याच दिवशी बोलावून यकृताची तपासणी आणि बाइल ॲसिडचं रक्त घेतलं. पुरळाशिवाय तळव्यांना खाज सुटणं हे पित्त यकृतात साचण्याचं लक्षण असू शकतं, आणि बाइल ॲसिड फार वाढलं तर बाळाला धोका असतो, म्हणून ते मलमाने झाकायचं नसतं. रिपोर्ट येईपर्यंत मी बाळाच्या लाथा मोजत बसले होते. नॉर्मल आला. आठवड्याने परत केला, तोही नॉर्मल.

पोटावरचं पुरळ बेंबी सोडून उठलेलं होतं, आणि मॅडमना ओळख पटायला ते पुरलं. पहिलटकरणींना शेवटच्या महिन्यांत होणारा हा प्रकार, बाळाला अपाय नाही, बाळंतपणानंतर आपोआप जातो. बुरशीचा यात संबंधच नाही, माझी ट्यूब इथे निरुपयोगी. आणि चिठ्ठीवर काय लिहिलं होतं? सौम्य स्टेरॉइड मलम! मी हादरले. मॅडम हसल्या, "तिथे ते शत्रू होतं, इथे ते औषध आहे. पोटावर दहा दिवस, जांघेत एकदाही नाही." सोबत कॅलामाइन आणि रात्री सेट्रिझिन. घरी आल्यावर मार्करने एका ट्यूबवर 'पोट' आणि दुसरीवर 'जांघ' लिहिलं, कारण मलम आणून देणारा माणूस अंधारात काहीही उचलतो.

नोव्हेंबरच्या शेवटी मुलगी झाली. दोन आठवड्यांत पोटाचं पुरळ गेलं. मांडीवरचे काळे डाग अजून आहेत, फिकट होत चाललेत. क्लोबेटासॉलच्या त्या आठ दिवसांचे दोन बारीक वळ उरलेत, ते जाणार नाहीत असं मॅडमनी सांगितलंय. पाचवी ट्यूब अर्धी शिल्लक आहे, कपाटात वरच्या खणात. नवऱ्याचा पंचा अजून वेगळ्या खिळ्यावर आहे आणि तिसरा खिळा बाळाच्या दुपट्यांसाठी ठोकून घेतलाय.