हॉस्टेलच्या मेसचा रिव्ह्यू: जेवण चांगलं हाय, पण हात धुवायच्या जागेजवळचा ड्रम बघा एकदा

ॲडमिशनचा सीझन आला की ज्युनिअर पोरांचे मेसेज सुरू होतात, दादा मेस कशी आहे, हॉस्टेलचीच घेऊ का बाहेर लावू, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या हॉस्टेलची मेस आहे. नाव टाकत नाही, कारण ठेका बदलत राहतोय, आज एकाला शिव्या घालायच्या आणि उद्या त्या दुसऱ्यालाच लागायच्या, आणि खरं सांगू का, खाली जे लिहिलंय ते गावातल्या बऱ्याच मेसना जसंच्या तसं बसतंय.

चवीचं आधी. चव चांगली आहे, यात वादच नाही. आमटीत कांदा-लसूण चटणी घरच्यासारखी, चपात्या मावश्या हातानं लाटतात, मशीनच्या नाहीत, आणि आख्खा मसूर असला की लाइन पार दारापर्यंत. बुधवारी आणि रविवारी चेंज म्हणजे चिकन, तांबडा-पांढरा पाहिजे तेवढा, व्हेजवाल्यांना पनीर न्हाईतर गुलाबजाम. दोन्ही वेळचे मिळून महिन्याला ३२०० रुपये, नाष्टा वेगळा. राजारामपुरीत एवढ्या पैशात असलं जेवण मिळत नाही, मी शोधून दमलोय. सकाळची मिसळ तेवढी घेऊ नका, कट म्हणजे नुसता तेलाचा तवंग आणि ब्रेड कालचा, मिसळ खायची तर गावात काय कमी जागा आहेत का, तिथं जाऊन बसा निवांत.

आता स्टार कशाला कापले ते. बेसिनच्या शेजारी एक निळा ड्रम आहे, त्यात ताट ठोकायचं आणि पुढं जायचं. दुपारी दीडच्या सुमाराला बघा त्यात वाकून. वर पांढरा भात, भातावर कोबीची भाजी, मधनं अर्ध्या अर्ध्या चपात्या, आणि चेंजच्या दिवशी रश्श्यात तरंगणारी हाडं. दोडका, दुधी, पडवळ ज्या दिवशी असतंय त्या दिवशी तर भाजी ताटात आली तशीच ड्रममध्ये जाते, मधी पोराचं तोंड लागतच नाही तिला. मला विचाराल तर मेस बघायला येताना जेवण चाखू नका, ड्रम बघा, पोरांना काय आवडतंय आणि काय जबरदस्तीनं वाढलं जातंय ते सगळं त्यात दिसतंय.

ह्यावर आमच्या रेक्टरसरांचं म्हणणं एकच, आजकालच्या पोरांना अन्नाची किंमत नाही. भिंतीवर बोर्ड पण आहे, अन्न हे पूर्णब्रह्म, त्याच्या खाली दुसरा, ताटात अन्न टाकल्यास २० रुपये दंड. दंड लागल्यापासून काय झालं सांगतो, चपात्या टिश्यूत गुंडाळून खिडकीतनं मागच्या गटारीत जायला लागल्या आणि भात भांडी ठेवायच्या जागेवर दुसऱ्याच्या ताटाखाली. ड्रम जरा कमी भरायला लागला तर सर खूश, आणि गटार तुंबली तेव्हा प्लंबर बोलावला, त्याचं बिल दंडाच्या पैशातनं भागलं का नाही ते काय कळलं नाही.

पोरांची चूक नाही असं म्हणत नाही मी. पांढरा रस्सा अनलिमिटेड आहे म्हणून दुसरी वाटी भरायची आणि दोन घोट घेऊन ठेवून द्यायची हे आमच्याच पोरांचं काम. पण रोजचा जो भात जातोय तो पोरांमुळं नाही, वाढण्याच्या पद्धतीमुळं जातोय. कप्प्याचं ताट, लाइन मोठी, वाढणाऱ्या मामांना घाई, तुम्ही "मामा भात कमी" म्हणेपर्यंत दुसरा डाव पडलेला असतोय, आणि ताटातनं परत घ्यायची सोय नाही कारण उष्टं. चार चपात्या, दोन डाव भात, भाजी, आमटी, सगळ्यांना एकच माप. अहो आमच्या हॉस्टेलला सिंधुदुर्गची पोरं आहेत, त्यांना भात दोन्ही वेळेला पोटभर पाहिजे आणि चटणीचा तिखटपणा झेपत नाही, म्हणून त्यांचा रस्सा ड्रममध्ये. गडहिंग्लज, जत इकडची पोरं भाकरीवाली, ती म्हणतात भात म्हणजे जेवण झाल्यावर तोंड धुवायला, म्हणून त्यांचा भात ड्रममध्ये. शेजारी शेजारी बसून एकजण भात टाकतोय आणि दुसरा भात मागायला उठतोय, हे रोज बघायला मिळतंय.

अमेरिकेत २००८ च्या आसपास बऱ्याच विद्यापीठांनी कॅन्टीनमधले ट्रेच काढून टाकले, हातात मावेल तेवढीच प्लेट घ्या आणि पाहिजे तर परत या, एवढ्यावर टाकणं कमी झालं. आपल्याकडं त्याला ट्रे काढायची पण गरज नाही, भाताचं पातेलं वेगळ्या टेबलावर ठेवा आणि डाव पोरांच्या हातात द्या. दिवाळीनंतर नव्या मॅनेजरनं हे करून बघितलं होतं. मावश्या स्वतः म्हणत होत्या ड्रम काठापर्यंत येईना झालाय. मग एका रविवारी चिकनच्या पातेल्यालाही तसंच केलं, पहिल्या पोरांनी पीस वेचून घेतले, मागच्यांना नुसता रस्सा, भांडणं झाली, आणि ठेकेदारानं भाताचं टेबल पण उचललं. पीस मोजून वाढा की राव, भातानं कुणाचं काय केलंय.

आता खाड्याचं, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे कापून मिळायचं, कारण सगळ्यात जास्त अन्न इथं वाया जातंय आणि हे कुणाला दिसत नाही. आमच्या मेसचा नियम असा की खाडा धरायचा तर सलग तीन दिवस पाहिजे आणि दोन दिवस आधी रेक्टरच्या सहीचा अर्ज. आता शनिवारी दुपारनंतर गारगोटी, राधानगरी, निपाणी, कागल सगळीकडची पोरं एसटी पकडून घरी जातात, रविवारी संध्याकाळी येतात. तीन दिवस होत नाहीत म्हणून खाडा नाही, खाडा नाही म्हणून कोण सांगत नाही, आणि सांगत नाही म्हणून आचारी रजिस्टरवरच्या आकड्यावर स्वयंपाक करतोय. शनिवारी रात्री निम्मं हॉस्टेल रिकामं आणि पातेली भरलेली. पावसाळ्यात पंचगंगेला पाणी आलं, रस्ते बंद झाले, की त्या आठवड्यात तर आचाऱ्याला काहीच अंदाज येत नाही.

माझी आत्या झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे, तिला हे सांगितलं तर हसायला लागली. त्यांच्याकडं शालेय पोषण आहाराला सकाळी आधी हजेरी, मग पट बघून तांदूळ काढतात, पहिली ते पाचवीला डोक्यामागं १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, आणि रोजच्या रोज रजिस्टरला नोंद. तिथंही खिचडी उरते, तीच तीच असली की पोरं कंटाळतात, ती काय स्वर्ग नाही. पण डोकी मोजून मग चुलीवर ठेवायचं एवढं तरी आहे. आमच्याकडं प्रत्येकाच्या हातात मोबाइल, ग्रुपवर रात्री एक पोल टाकला उद्या कोण जेवणार तर पाच मिनिटांत आकडा मिळतोय, पण तसं केलं तर खाड्याचे पैसे कापून द्यावे लागतील, म्हणून करत नाहीत. विषय तिथं आहे.

बरं, उरलेलं दोन प्रकारचं असतंय हे पण लोकांना कळत नाही. ताटातलं ते खरकटं, ते कुणाला देता येत नाही. पातेल्यातलं ज्याला कुणाचा हात लागलेला नाही ते देता येतंय, अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी एफएसएसएआयनं त्यासाठी २०१९ मध्ये वेगळे नियमच केलेत, उरलेलं चांगलं अन्न गोळा करून वाटायचे. पण त्यासाठी अन्न वेळेत झाकून बाजूला काढायला पाहिजे, गरम असेल तर ६० अंशांच्या वर गरमच राहायला पाहिजे, आणि फोन लवकर करायला पाहिजे. लग्नाच्या हॉलमधलं उरलेलं जेवण उचलून नेणारी पोरं गावात आहेत. आमच्याकडं काय होतंय, साडेदहापर्यंत कोण येतंय का बघत पातेली उघडी ठेवतात, मग उशीर झाला म्हणतात आणि शनिवारचा अख्खा भात त्याच निळ्या ड्रममध्ये, खरकट्यावर. चांगलं आणि उष्टं एक झालं की विषय संपला.

थोडं कौतुक पण करतो. उरलेल्या चपात्यांचा सकाळी कुस्करा करतात तो खायलाच मेसला जावं असा, शेंगदाणे, कढीपत्ता, वरनं लिंबू, १५ रुपयाला. मिसळ सोडा आणि हा घ्या. फोडणीचा भात मात्र जरा विचारून घ्या, फ्रीजमधला का ओट्यावरचा. शिजलेला भात रात्रभर बाहेर राहिला की त्यात जे जंतू वाढतात त्यांचं विष परत गरम करून पण जात नाही, हे मायक्रोबायोलॉजीच्या पोरांनी मावश्यांना सांगितल्यापासून त्या थंड करून फ्रीजला टाकतात, पण उन्हाळ्यात लाइट गेली की काय सांगता येत नाही.

ड्रमचं पुढं काय होतंय? एक गवळीमामा येऊन म्हशींना घेऊन जातात. ऐकायला बरं वाटतंय, वाया गेलं नाही, जनावरांच्या पोटात गेलं. पण भात-चपाती एकदम जास्त पोटात गेली की रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात आम्ल वाढतंय, पोट बिघडतंय, जनावर दगावतंय पण, आणि आमच्या ड्रममध्ये तर हाडं आणि टिश्यू पण असतात. दुधाच्या जिल्ह्यात राहून हे सांगायला लागतंय म्हणजे बघा. मामा आले नाहीत त्या दिवशी ड्रम घंटागाडीत. कसबा बावड्याच्या झूम कचरा डेपोवर कचऱ्याचा डोंगर ज्यानं बघितलाय त्याला पुढचं सांगायला नको, अन्न हवा न लागता दबून कुजलं की मिथेन होतोय, जो १०० वर्षांच्या हिशोबानं कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट जास्त उष्णता धरतोय.

आणि हे एका मेसचं नाही ओ. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतोय की २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न टाकलं गेलं, त्यातलं ६० टक्के घराघरांतनं आणि २८ टक्के हॉटेल, कॅन्टीन, मेस असल्या ठिकाणांवरनं. आम्ही त्या २८ मध्ये. कोरियात २००५ पासून अन्नाचा कचरा थेट डेपोवर टाकायलाच बंदी आहे आणि २०१३ पासून जेवढा टाकाल तेवढे पैसे. आपल्याकडं २०१६ च्या घनकचरा नियमांत पण होतं की दिवसाला १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्यांनी ओला कचरा होईल तेवढा आवारातच जिरवायचा.

जिरवायला काय रॉकेट सायन्स लागत नाही. खेड्यात आमच्याकडं घरामागं गोबरगॅस असतोयच, पुण्याच्या आरती (ARTI) संस्थेनं तर शेणाऐवजी खरकट्यावर चालणारा छोटा बायोगॅस प्लँट केला, त्याला २००६ मध्ये ब्रिटनमधला ॲश्डेन हा ऊर्जेच्या कामाचा पुरस्कार मिळाला. शेण म्हणजे जनावरानं एकदा पचवून झालेलं असतंय, अन्नात सगळा माल शिल्लक, म्हणून तेवढ्याच वजनाला गॅस जास्त. मेसला महिन्याला किती सिलिंडर लागतात ते ठेकेदार आम्हाला प्रत्येक मीटिंगला ऐकवतो, फी वाढवायची असली की तेवढंच कारण. मग मागं बॅडमिंटन कोर्टाच्या बाजूची जागा मोकळी पडलीय तिथं हे का होत नाही विचारलं तर म्हणतात ठेका वर्षाचा, प्लँट कोण घालणार. कॉलेजनं घालायचा की, ठेकेदार बदलला तरी प्लँट तिथंच राहणार. वसतिगृहांचं गाव म्हणून मिरवतो आपण, शाहू महाराजांच्या काळात १९०१ पासून इथं एकामागं एक बोर्डिंगं उभी राहिली, त्या गावाला एक प्लँट जड आहे व्हय.

रेटिंग: चवीला चार, स्वच्छतेला साडेतीन, अन्न टाकण्याला एक, तो पण कुस्कऱ्यासाठी.

घ्यायची असेल तर आधी खाड्याचा नियम लेखी मागा, तोंडी सांगतात तो वेगळा असतोय. नुसतं शनिवार-रविवार घरी जाणार असाल तर महिनाच स्वस्त पडतोय, पण महिन्याला ४५ किंवा त्याहून कमी जेवणं होणार असतील तर कुपन घ्या, ७० रुपयाला एक, महाग वाटतंय पण तेव्हा परवडतंय. दुपारी साडेबारालाच जावा, चपात्या गरम असतात, दीडनंतर चामडं होतंय. भात नको असेल तर ताट पुढं करायच्या आधी बोला, मामांचा डाव लै फास्ट आहे. डिपॉझिट १००० रुपये, पावती जपून ठेवा, सोडताना पावतीशिवाय परत देत नाहीत.