एसक्यूएलअल्केमी: अडतीच्या हिशेबात पारखलेली लायब्ररी

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या अडत्यांसाठी आम्ही सौदे आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) सांभाळणारे सॉफ्टवेअर तयार करतो. माहिती साठवणाऱ्या डेटाबेसपैकी कोणाकडे एसक्यूएल सर्व्हर आधीपासूनच बसवलेला असतो, तर कोणाला मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस हवे असते. त्यामुळे एकच क्वेरी (डेटाबेसकडे केलेली मागणी) तिन्हीकडे चालवण्याचे काम आम्ही पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतील एसक्यूएलअल्केमी या मुक्त लायब्ररीवर (तयार कोडच्या संचावर) सोपवले आहे, आणि २००६ पासून विकसित होत आलेली ही लायब्ररी त्या विश्वासाला पात्र आहे.

शेवटच्या १० पट्ट्या मागवल्या, की नोंदींची संख्या मर्यादित करण्यासाठी ती पोस्टग्रेस व मायएसक्यूएलसाठी 'लिमिट' लिहिते आणि एसक्यूएल सर्व्हरसाठी 'टॉप'. पुढच्या पानावरच्या पट्ट्या हव्या असतील, तर एसक्यूएल सर्व्हरसाठी 'ऑर्डर बाय' (नोंदींचा क्रम ठरवणारा भाग) दिल्याशिवाय ती क्वेरी तयारच करत नाही, थेट त्रुटी दाखवते. हा काटेकोरपणा मला फार मोलाचा वाटतो, कारण क्रम न ठरवता पाने पाडली तर एखादी पट्टी दोनदा दिसू शकते आणि दुसरी निसटू शकते. शेतकऱ्याच्या पैशाच्या बाबतीत हे चालणार नाही.

नोंद असल्यास बदलायची आणि नसल्यास नवी घालायची, या कामासाठी मात्र पोस्टग्रेसचे 'ऑन कॉन्फ्लिक्ट' आणि मायएसक्यूएलचे 'ऑन ड्युप्लिकेट की अपडेट' वेगवेगळे लिहावे लागते. इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांत मायएसक्यूएल सहसा भेद करत नाही, पोस्टग्रेस करते. तो फरकही लायब्ररी झाकत नाही. त्यामुळे चाचण्या प्रत्येक डेटाबेसवर स्वतंत्रपणे चालवाव्यात.