रोंदा की आर्कोस? दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियातलं एकच डोंगरगाव निवडायचं असेल तर

सेव्हिल आणि ग्रानादा पाहून झाल्यावर हाताशी एक-दोन दिवस उरतात. डोंगरावरचं, चुन्याने रंगवलेलं पांढरं गाव बघायचं ठरतं आणि निवड बहुधा रोंदा आणि आर्कोस दे ला फ्रोंतेरा यांच्यात अडते. गाडी भाड्याने घेणार नसाल तर फार विचार न करता रोंदा घ्या.

रोंदाला रेल्वे आहे. मालागाहून थेट गाड्या मोजक्याच, एरवी वाटेत बदलावी लागते. स्टेशनपासून गावातला प्रसिद्ध पूल पायी वीसेक मिनिटांवर. सेव्हिलहून बस सोयीची, साधारण दोन तास. सेव्हिलमध्ये बसस्थानकं दोन आहेत, म्हणून तिकिटावरचं नाव नीट वाचा. परतीचं तिकीट आधीच काढून ठेवा.

हा पूल म्हणजे पुएंते नुएवो. ग्वादालेविन नदीने कोरलेल्या एल ताखो घळीवर तो ९८ मीटर उंच उभा आहे. आधीचा पूल १७४१ मध्ये कोसळला. हा १७५१ ते १७९३ असा बेचाळीस वर्षं बांधला गेला. बहुतेक जण वरून घळीत डोकावून परततात आणि खरं दृश्य हुकवतात. प्लासा दे मारिया ऑक्सिलियादोरापासून पायवाट खाली उतरते, पूल दिसायला हवा तो तिथून. प्रकाश दुपारनंतर छान पडतो, पण उन्हाळ्यात परतीचा चढ दमवतो. तेव्हा पाणी जवळ हवंच. कासा देल रेय मोरो या जुन्या वाड्यातून नदीपर्यंत, पाणी आणण्यासाठी खोदलेला सुमारे दोनशे पायऱ्यांचा जुना जिना आहे. पायऱ्या ओल्या आणि उंच, गुडघे दुखत असतील तर तो सोडा आणि अरबी स्नानगृहं पाहा. दुपारी सहलींच्या बसमुळे पुलावर रेटारेटी असते, संध्याकाळी ती ओसरते. म्हणून रोंदाला मुक्काम करावाच.

आर्कोसला रेल्वे नाही. जवळचं मोठं स्टेशन खेरेस, सुमारे ३० किलोमीटरवर, पुढे बस. ग्वादालेते नदीवरच्या कड्यावर गाव लांबट पसरलंय. प्लासा देल काबिल्दोच्या कठड्यावरून खाली शेतं दिसतात आणि घिरट्या घालणारे ससाणे चक्क आपल्या पायांखाली असतात. सांता मारिया आणि सान पेद्रो या दोन चर्चमधला मानाचा वाद रोमपर्यंत गेला होता. दोन्ही आतून पाहा, पण दुपारी बंद असतात. किल्ला खासगी आहे, आत जाता येत नाही. तीन तासांत गाव पाहून होतं.

इथली खरी अडचण गाडीची. नकाशाचं ॲप थेट चौकात नेतं आणि गल्ल्या इतक्या अरुंद की आरसे मिटूनही भिंत घासते. खाली पासेओ दे आंदालुसियाच्या भूमिगत पार्किंगमध्ये गाडी ठेवा आणि चालत चढा. दगड गुळगुळीत झालेत, रबरी तळाचे बूट घाला.

शाकाहारींनी दोन्हीकडे ‘सिन हामोन, सिन आतून’ (हॅम नको, ट्यूना नको) म्हणायला शिकावं; साल्मोरेखो या थंड टोमॅटो सूपवरही हॅमचे तुकडे येतात. पालक-चण्याची भाजी बऱ्याच ठिकाणी मिळते. दुपारची स्वयंपाकघरं साधारण चारला बंद होतात, रात्रीची साडेआठच्या आधी क्वचितच उघडतात.

गाडी आणि दोन दिवस असतील तर दोन्ही जोडा: आर्कोसहून ए-३७२ने एल बोस्के, ग्रासालेमामार्गे रोंदा. ग्रासालेमा स्पेनमधल्या सर्वांत पावसाळी भागांपैकी आहे. हिवाळ्यात घाटात धुकं असलं तर आल्गोदोनालेसवरून जाणारा उत्तरेकडचा रस्ता धरा.