कंपोझिट फिलिंगचं पॉलिशिंग: चार टप्प्यांच्या डिस्क की एकाच टप्प्याचा रबर पॉइंट?

सपाट किंवा बाहेर फुगीर पृष्ठभाग असेल, म्हणजे पुढच्या दाताची ओठाकडची बाजू, तर ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या डिस्क सरस. जाड, मध्यम, बारीक, अतिबारीक हा क्रम मोडायचा नाही. कंपोझिट म्हणजे रेझिन (प्लास्टिकसारखा पदार्थ) आणि त्यात मिसळलेले फिलरचे कठीण कण. ॲल्युमिनियम ऑक्साइड या कणांपेक्षा कठीण असल्याने कण आणि रेझिन एकाच पातळीत घासले जातात. मऊ अपघर्षक (घासणारा पदार्थ) नुसतं रेझिन खातं आणि कण उघडे पडतात. दर डिस्कनंतर पाण्याने धुऊन हवेने सुकवा. मागच्या डिस्कचा एक जाड कण राहिला, तरी शेवटच्या चकाकीत त्याचा ओरखडा दिसतोच. मधली डिस्क गाळली तरी तेच. शिवाय डिस्कच्या मधला धातूचा भाग फिलिंगला टेकला, तर करडा डाग उमटतो.

दाढेच्या खाचांत मात्र डिस्क पोचतच नाही. तिथे हिऱ्याची पूड मिसळलेला रबर पॉइंट घ्यावा. वेळ वाचतो, पण आकार देण्याचं काम त्याच्याकडून होत नाही. आधी बारीक फिनिशिंग बरने (ड्रिलला लावायच्या फिरत्या टोकाने) खुणा काढलेल्या हव्यात. हात हलका ठेवा, पॉइंट सतत फिरवत राहा. जोर दिला की उष्णता वाढते, रेझिन वरवर लिंपलं जातं आणि चकाकी फसवी निघते.

दोन्हींचं लक्ष्य एकच: सरासरी खडबडीतपणा ०.२ मायक्रोमीटरच्या आसपास किंवा खाली, कारण त्यावर गेला की प्लाक (जंतूंचा चिकट थर) जास्त साचतो. मायलर पट्टीखाली (फिलिंग कडक होताना त्यावर दाबून धरलेल्या पारदर्शक प्लास्टिक पट्टीखाली) मिळणारा पृष्ठभाग याहून गुळगुळीत असतो खरा, पण तो रेझिनचा पातळ थर. लवकर झिजतो, डागाळतो.