चार जोड, एकोणीस महिने: कमी पैशांत कुठले बूट परवडले

डाव्या बुटाचं नाक आधी जातं. ज्याच्या गाडीचा गिअर पंजाने वर उचलावा लागतो, त्याला हे सांगायला नको. मी बेळगावात वडगावहून उद्यमबागेत रोज पल्सरवर जातो. काम एका मशीन शॉपच्या ऑफिसात, पण दिवसातून चार वेळा कुणाला तरी शोधत शॉपमध्ये उतरावं लागतं. तिथे जमिनीवर कूलंट, म्हणजे कापकाम थंड ठेवायचं तेलकट पाणी, आणि लोखंडाची बर, म्हणजे कीस. परतताना भाजी, रविवारी लग्न नाहीतर बारसं. या सगळ्याला एकच जोड चालावा आणि तो दीड हजाराच्या आत बसावा, एवढीच माझी अट होती. ऑगस्ट २०२४ पासून आजपर्यंत, म्हणजे मार्च २०२६ पर्यंत, असे चार जोड झाले. कंपन्यांची नावं घेत नाही. एकाच कंपनीत चांगला माल आणि वाईट माल शेजारी शेजारी मांडलेला असतो, हे आता नीट कळलंय.

माझा नंबर आठ, पंजा रुंद, वजन अठ्ठ्याहत्तर किलो. तुमचा पाय निमुळता असेल तर पुढचं सगळं थोडं कमी-जास्त करून वाचा.

पहिला जोड खडे बाजारातून ६४९ रुपयांना घेतला. पांढरा, रेक्झिनचा, कडेने सुबक शिलाई दिसत होती. दुकानदार कानडीत म्हणाला, "चलो ऐत्री, तगोरी", म्हणजे चांगला आहे, घ्या, आणि मी तगोलो. तीन महिन्यांत चवड्याजवळ जिथे बूट वाकतो तिथे रेक्झिनला भेगा पडल्या आणि वरची पांढरी साल सुटायला लागली. आतलं कापड दिसायला लागलं की बूट संपलाच. उजव्याचा सोल पुढून उघडला म्हणून कोपऱ्यावरच्या मामांकडे नेला. ते शाळेपासून माझी पायताणं शिवतात. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, आरीचं टोक त्या सुबक शिलाईवरून फिरवलं आणि म्हणाले, "हे टाके न्हवंत बाळा, ही चित्रं हाईत."

खरंच होतं. सोल साच्यातून काढतानाच त्यावर टाक्यांचे उंचवटे उठवलेले. दोरा कुठेच नाही. सगळा जोड नुसत्या सोल्यूशनवर चिकटवलेला. मामांनी पुन्हा चिकटवून दिला, तो पंधरा दिवस टिकला. ६४९ भागिले तीन, म्हणजे महिन्याला दोनशे सोळा रुपये. स्वस्त म्हणून घेतलेला हा जोड चौघांत सगळ्यात महाग पडला.

टाके खरे की खोटे हे दुकानातच बघता येतं, आणि हे मला चाळिशीत कळलं याची थोडी लाजच वाटते. इन्सोल, म्हणजे आतली गादी, सुटी असेल तर टाचेकडून उचलायची. बाजूने खरी शिलाई मारलेली असेल तर आतल्या कडेला गोल फिरलेला दोरा दिसतो. दोरा नसेल तर सोल फक्त चिकटवलेला आहे. चिकटवलेला म्हणजे वाईटच असं नाही, चालायचे-पळायचे बहुतेक हलके बूट चिकटवलेलेच असतात. पण मग शिलाईची नक्षी दाखवून जास्त पैसे मागू नयेत एवढंच.

दुसरा जोड नोव्हेंबरात, १०९९ चा. जाळीचा अप्पर, म्हणजे वरचा भाग, खाली ईव्हीए फोमचा सोल, हातात घेतला तर डबा रिकामा वाटावा इतका हलका. पहिले तीन-चार महिने मी याच्यावर खूश होतो. बायको म्हणाली, "अहो, हेच लग्नालाही घालणार का?" आणि मी एकदा घातलेही. संध्याकाळी पाय दुखत नव्हते, टाचेला फोड नाही.

मग तीन गोष्टी झाल्या. ईव्हीएच्या फोममध्ये बारीक हवेचे कप्पे असतात, त्याच्यामुळेच तो हलका आणि मऊ. रोज वजन पडून ते दबत जातात आणि पुन्हा पूर्ण फुगत नाहीत. सहाव्या महिन्यात टाचेखालचा मऊपणा गेला होता, बाहेरच्या बाजूची टाच तिरकी झिजली होती. दुसरं, गिअर. जाळीला डाव्या अंगठ्याच्या वर आधी गुंते उठले, मग भोक पडलं. तिसरं आणि मुख्य म्हणजे पाऊस. जूनमध्ये जांबोटीमार्गे कणकुंबीला गेलो होतो. मलप्रभेचा उगम तिथला, आणि त्या पट्ट्यातला पाऊस काय असतो हे खानापूरकरांनी सांगावं. जाळीतून पाणी आत यायला दहा पावलं पुरली. पाणी निघूनही लवकर जातं म्हणतात, पण आतली गादी आणि जिभेतला फोम दोन दिवस ओला राहिला. बेळगावच्या जुलैत ऊन नसतं, पंख्याखाली ठेवावे तर घरभर वास. खानापूरची तांबडी माती जाळीच्या विणीत बसली ती धुऊनही गेली नाही. आमच्या वडगाव-शहापूर शिवारातली काळी माती निदान वाळल्यावर ढेकळासारखी झडते.

आठ महिन्यांनी तो सोडला. महिन्याला एकशे सदतीस रुपये. वाईट नाही. ऑक्टोबर ते मे एवढ्यापुरता, चालणं जास्त आणि गाडी कमी असलेल्याला हा प्रकार मी आजही सांगेन. मोपेड किंवा स्कूटर चालवणाऱ्याला तर नक्कीच, त्यांना गिअरचा त्रासच नाही.

तिसऱ्या जोडाबद्दल लिहिताना अजून चीड येते. २०२४ च्या दिवाळीत ऑनलाइन सेल होता, छापील किंमत २९९९, मला ११९९ ला पडला. तपकिरी, कातड्यासारखा दिसणारा, समारंभासाठी म्हणून जपून ठेवला. सहा-सात वेळा घातला असेल. मे महिन्यात निपाणीला मेहुणीच्या लग्नात अक्षता टाकून जेवायला निघालो तर मागे काळे तुकडे पडत होते. सोलचा भुगा होत होता, ओल्या केकसारखा. भावजींनी सगळ्यांसमोर म्हटलं, "दाजी, माग काढत या, हरवायचं नाही." ते जेवण मी त्यांच्या दारातल्या चपला घालून जेवलो.

घरी येऊन डबा काढला. लेबलवर तयार केल्याचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, ते मी घेताना बघितलंच नव्हतं. २०२१ चा माल. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनच्या सोलला हवेतला ओलावा खातो. बूट घातला नाही, डब्यातच राहिला, तरी आतून तो कुजत असतो आणि एक दिवस तुटतो. चार महिने भिंतींना ओल धरणाऱ्या आमच्या गावात तर हे लवकर होणार. म्हणजे मी जपून ठेवत होतो तेच चुकत होतं. तक्रार केली तर परतीची मुदत संपली असं उत्तर आलं. मामांनी हातात घेऊन फक्त मान हलवली. चिकटवायला सोल उरलाच नव्हता.

शिवाय तो कातड्याचा नव्हताच. बऱ्याच बुटांच्या तळाला किंवा आत छोटी चिन्हं असतात. पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे कातडं, विणलेली जाळी म्हणजे कापड, आणि शंकरपाळीसारखा चौकोन म्हणजे इतर काहीतरी, बहुतेक वेळा रेक्झिन. माझ्या जोडावर शंकरपाळी होती.

आमचा भाग खरं तर पायताणांचाच. वडील आयुष्यभर निपाणीची चप्पल घालत आले, अथणीतही घरोघर हे काम चालतं. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून, त्यात बेळगाव आहे. सीमाप्रश्न सुटेल तेव्हा सुटेल, चपलेने आपला निकाल लावून घेतला. पण कूलंट सांडलेल्या फरशीवर आणि जुलैच्या चिखलात ती चप्पल घालण्याची माझी हिंमत नाही. कातडं भिजलं की मऊ पडून आकार सोडतं, आणि वडिलांनीही पावसाळ्यात ती कधी घातली नाही.

चौथा जोड जुलै २०२५ मधला, गणपत गल्लीतून, १४५० रुपये. या वेळी संध्याकाळी गेलो, कारण दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असतो. रोजचे जाड मोजेही सोबत नेले. अंगठ्यापुढे बोटभर जागा, करंगळीला दाब नाही. बूट वाकवून बघितला, तो चवड्याजवळ वाकला. दुसऱ्या एका जोडाला मधोमध घडी पडत होती, तो परत ठेवला. इन्सोल उचलू का म्हटलं तर दुकानातल्या पोराने माझ्याकडे बघितलं आणि मालकाकडे बघितलं. मालक हसला, म्हणाला उचला. आत दोरा होता, सगळीकडून.

जाड कापडाचा, गडद निळा, रबरी सोल वाटीसारखा कडेने वर आलेला आणि शिवलेला. दिसायला काही विशेष नाही, शाळेच्या पीटीच्या बुटाचा मोठा भाऊ. जड आहे. पहिले दहा दिवस टाचेवर घासला, पट्ट्या लावून फिरलो. जाळीच्या जोडाचा मऊपणा यात कधीच आला नाही, आणि उन्हाळ्यात पाय घामेजतो हेही खरं. पण ओल्या फरशीवर रबर धरतं, रेक्झिनवाल्या पहिल्या जोडाचा प्लास्टिकसारखा सोल सरकत होता. भिजला तर गादी काढून वेगळी वाळवता येते, त्यामुळे एका रात्रीत बहुतेक काम होतं.

नऊ महिन्यांत टाच झिजली ती दोन नाण्यांच्या जाडीइतकी. एका बाजूचे चार टाके डिसेंबरात उसवले, मामांनी ऐंशी रुपयांत पुन्हा मारले. डाव्या नाकाचं कापड गिअरने पातळ झालं, तिथे त्यांनी आतूनच कातड्याचा तुकडा लावला. त्याचे पैसे घेतले नाहीत.

हिशोब प्रामाणिक सांगायचा तर आजच्या घडीला हा महिन्याला एकशे सत्तर रुपये पडतोय, म्हणजे जाळीच्या जोडापेक्षा महागच. अकरा-साडेअकरा महिने भरले की बरोबरी होईल. सोल बघता तो त्यापुढेही जाईल असं मला वाटतं, मामांनाही वाटतं.

एक गोष्ट चुकली. सप्टेंबरपर्यंत थांबलो असतो तर बरं झालं असतं. मी घेतला तेव्हा हजारावरच्या पादत्राणांना १८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या जोडांना ५ टक्के झाला. परवा त्याच दुकानात विचारलं तर तोच जोड १२९० ला. पण जुलैत पायात भोक पडलेली जाळी होती आणि बाहेर धो-धो लागलेला, थांबणार कसा.

आता मी तोच जोड आणखी एक घेतलाय, काळा. एक दिवस हा, एक दिवस तो, म्हणजे घामाने ओला झालेला जोड पूर्ण वाळायला चोवीस तास मिळतात. काळ्याचा डबा दुकानातच उलटा करून महिना वाचला. डाव्या नाकाला आतून तुकडा लावायला तो नवा कोरा असतानाच मामांकडे नेला. ते म्हणाले, "अजून घातलास न्हाईस आणि शिवायला आणलास?" पण लावून दिला.